आकड्यांची रांग लावणारा माणूस

टेलिफोनवर १, २, ३ वरच्या ओळीत. कॅल्क्युलेटरवर मात्र वर ७, ८, ९. दोन्ही वस्तू घरोघरी आहेत, पण ही उलटापालट कोणी केली, हे आपण कधी विचारत नाही. मी त्याचा माग काढत गेलो आणि जॉन कार्लिन या गृहस्थांपाशी पोहोचलो.

कार्लिन यांचा जन्म १९१८ चा, दक्षिण आफ्रिकेतला. शिक्षण मानसशास्त्राचे, छंद व्हायोलिनचा. १९४५ मध्ये ते अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये दाखल झाले. टेलिफोनवाल्यांची ती पंढरीच! कारभार सगळा इंजिनिअरांचा. कार्लिन मात्र यंत्राकडे न बघता फोन करणाऱ्याच्या बोटांकडे बघू लागले.

नव्या फोनवर आकडे भोकांतून काढून तबकडीच्या बाहेर, कडेला नेण्याचे घाटत होते. आकडे छान दिसत, पण नंबर फिरवायला लोकांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागे. दुसरा कोणी म्हणाला असता, ‘होईल सवय.’ (घरातल्या आजीला नवे यंत्र जमले नाही की आपणही हेच म्हणतो आणि दोष तिच्या वयाला देतो.) कार्लिन यांनी दोष तबकडीत शोधला. बोटाला नेम धरायला भोकात काही उरलेच नव्हते! प्रत्येक भोकाच्या मध्यावर एक पांढरा ठिपका दिला आणि वेग परत आला.

वायर किती लांब हवी, हे ठरवण्याची त्यांची तऱ्हा तर खासच. सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप शिरून त्यांच्या फोनच्या वायरी दर तीन दिवसांनी इंचभर आखूड करायच्या. फूटभर वायर जाईपर्यंत कोणाला पत्ता नाही!

पुढे बटणांचा फोन करायचा ठरला. वर्तुळात, दोन रांगांत, कॅल्क्युलेटरसारखी, अशा कितीतरी मांडण्या माणसांना प्रत्यक्ष दाबायला देऊन लागणारा वेळ आणि चुका मोजल्या गेल्या. १, २, ३ वर असलेली मांडणी सोयीची ठरली. १९६३ मध्ये ती बाजारात आली.

एक्स्चेंजच्या नावाची अक्षरे गाळून नुसते आकडे ठेवले तरी लोकांना झेपतील, हा निर्वाळाही त्यांचाच. त्यावर मात्र अमेरिकेत मोठी ओरड झाली. लोकांची सोय बघणाऱ्याला लोकांचे बोलही खावे लागतात.

१९७७ मध्ये कार्लिन निवृत्त झाले. २०१३ साली, ९४ व्या वर्षी गेले. बँकेच्या एटीएमवरही त्यांचीच मांडणी आहे. आत बसलेल्या कॅशियरच्या कीबोर्डवर मात्र अजून ७, ८, ९ च वर!