घराचा पत्ता आणि शाळेची हद्द

अमेरिकेत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे ठरावीक हद्दीतील सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा असून, मुलाला कोणती शाळा मिळेल हे मुख्यतः घर कोणत्या हद्दीत आहे यावर अवलंबून असते. न्यू जर्सी राज्यात असे जवळपास ६०० डिस्ट्रिक्ट आहेत, आणि त्यांच्या सीमा टपालाच्या पत्त्याशी जुळतीलच असे नाही: वेस्ट विंडसर व प्लेन्सबरो या टाउनशिपांतील कित्येक घरांच्या पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ असते, परंतु तेथील मुले प्रिन्स्टनच्या नव्हे, तर या दोन गावांच्या संयुक्त डिस्ट्रिक्टमध्ये जातात. याच राज्यातील एडिसन गावात तर डिस्ट्रिक्ट एकच असूनही हायस्कुले दोन आहेत. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी घरक्रमांक सांगून डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात चौकशी करणे अत्यावश्यक ठरते. तेथे खरोखर राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलांनाही घरमालकाच्या मुलांइतकाच हक्क असतो, त्यामुळे केवळ प्रवेशासाठी घाईने घर विकत घेण्याचे कारण नाही. शाळांना दहापैकी गुण देणारी संकेतस्थळे प्रामुख्याने चाचण्यांच्या निकालांवर विसंबतात, आणि हे निकाल कुटुंबांच्या उत्पन्नाशी बरेच निगडित असतात. अमेरिकेत नुकत्याच आलेल्या मुलासाठी त्या आकड्यापेक्षा ‘ईएसएल’, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गांची व्यवस्था कितीतरी अधिक मोलाची असते.