हिमालयाच्या वाटेवरील उंचीचा विकार : सात्म्यविचार आणि वैद्याचे कर्तव्य

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. पेठचा किल्ला, ढाक, इर्शाळगड आणि खांडसहून भीमाशंकरला चढणारे गणेशघाट व शिडीघाट या वाटा येथील तरुणांच्या पायाखालच्या. हीच मंडळी आता सुट्टीत हिमालयातील पदभ्रमणास जातात. ज्येष्ठ मंडळी केदारनाथ-अमरनाथच्या यात्रेस निघतात. निघण्यापूर्वी त्यांतील कित्येक जण आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात आणि म्हणतात, "वैद्यराज, वर दम लागू नये असे काहीतरी द्या." या मागणीला आपण काय उत्तर देतो, यावर क्वचित प्रसंगी रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सह्याद्रीत हा विकार होत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, माथेरान सुमारे ८०० मीटर. आणि उंचीचा विकार साधारणतः २५०० मीटरच्या वर उद्भवतो. शिडीघाटात भोवळ आली तर कारण ऊन, घाम आणि रिकामे पोट यांत शोधावे. उलटपक्षी, दर रविवारी गड चढणाऱ्या तरुणास हिमालयात संरक्षण मिळते, असेही नाही. पाय बळकट होतात, एवढेच. किंबहुना असा धडधाकट गडी इतरांच्या पुढे झपाट्याने चढतो आणि म्हणूनच लवकर आजारी पडतो, हा गिर्यारोहकांचा नेहमीचा अनुभव आहे.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह येथे, ३५०० मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो. साडेपाच हजार मीटरवर जवळजवळ निम्मा. शरीर या स्थितीशी जुळवून घेऊ शकते, परंतु त्यास दिवस लागतात. बृहत्त्रयीत या व्याधीला स्वतंत्र अध्याय नाही. तथापि तिच्या प्रतिबंधाचे सूत्र आपल्याला परके नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडताना व हितकर अंगीकारताना पादांशिक क्रम सांगितला आहे. सात्म्य टप्प्याटप्प्याने बदलावे, एकदम नव्हे. आधुनिक गिर्यारोहणशास्त्राचा नियम वेगळे काय सांगतो? ३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. कोकणच्या आनूप देशातील माणूस विमानाने थेट लेहला उतरतो, तेव्हा हा क्रम मुळातच मोडलेला असतो. निदान पहिले दोन दिवस तरी त्याने स्वस्थ पडून राहावे.

सौम्य विकारात डोकेदुखी हे मुख्य लक्षण असून सोबत अरुची, मळमळ, थकवा वा भोवळ असते. अशा वेळी तेथेच थांबावे, वर चढू नये. पेया, मुगाची मऊ खिचडी असा लघु आहार द्यावा. मद्य व झोपेची औषधे वर्ज्य करावीत, कारण त्यांनी श्वसन मंदावते. लक्षणे वाढल्यास खाली उतरावे.

खरा धोका पुढे आहे. फुप्फुसात पाणी साठण्याचा प्रकार बहुधा नव्या उंचीवरील दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुरू होतो. भारतीय लष्करी वैद्यकांनी लडाख सीमेवरील जवानांच्या निरीक्षणांवरून त्याचे वर्णन जगापुढे मांडले. मेनन यांचा १०१ रुग्णांवरील लेख १९६५ मध्ये, तर इंदरसिंग व सहकाऱ्यांचा १९२५ जवानांवरील लेख १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरडा खोकला, विश्रांतीतही धाप, निळसर ओठ, पुढे फेसाळ गुलाबी कफ अशी ही लक्षणे असतात. येथे आपल्या मंडळींची गफलत होण्याचा संभव मोठा आहे. हल्ली रुग्ण तळावरून भ्रमणध्वनीवर सांगतो, "खोकला आहे, आडवे झाले की गुदमरते, बसले की बरे वाटते." ऐकणाऱ्या वैद्याच्या मनात लगेच तमकश्वास उभा राहतो आणि सितोपलादी चूर्ण मधातून घेण्याचा सल्ला दिला जातो. परंतु बसल्याने बरे वाटणे हे दोन्ही व्याधींत आढळते. त्यावरून निदान करता येत नाही. रुग्ण किती उंचीवर आहे, तेथे कधी पोहोचला आणि काल तो कसा होता, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. शंका येताच त्यास त्याच रात्री सोबतीसह खाली उतरवावे, प्राणवायू द्यावा आणि नजीकच्या रुग्णालयात न्यावे. मेंदूला सूज आल्यास माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता आले नाही, तर तेवढी परीक्षा पुरेशी समजावी. अशा वेळी कोणतेही चूर्ण वा आसव उतरण्याला पर्याय नाही, हे आपण निःसंकोच सांगितले पाहिजे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. कापराची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढत नाही. थंड वाटते म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. कापूर पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, आकडी येऊ शकते. म्हणून यात्रेकरूला तो देताना ही सूचना अवश्य द्यावी. प्राणवायूचे हातात मावणारे डबे काही मिनिटेच पुरतात. अॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधासाठी मान्यता पावलेले औषध आहे, पण ते आधुनिक वैद्यकाच्या चिठ्ठीवरच द्यावयाचे. सल्फा औषधांची अॅलर्जी आहे का, याची विचारपूस व्हावी. शिलाजित वा अश्वगंधा बल्य म्हणून जरूर द्यावी, परंतु "आता निर्धास्त चढा" असे आश्वासन त्यासोबत देऊ नये.

जाणाऱ्याची तपासणी आठ दिवस नव्हे, महिनाभर आधी व्हावी. रक्तदाब, हृद्रोग, पांडुरोग व जुनाट श्वास यांची विचारणा आपण करतोच. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्यांनी सिकलसेलचाही विचार करावा. ज्यांच्यात तो केवळ वाहकरूपाने असतो आणि येथे ज्यांना कधीच त्रास होत नाही, अशांनाही अतिउंचीवर प्लीहेत तीव्र शूळ उद्भवू शकतो. साध्या रक्तचाचणीने ते आधीच समजते.