दाराआडचा मार

मी डोंबिवलीच्या एका शाळेत हेडमास्तर होतो. दहावीच्या वर्गात एक मुलगी रोज पेंगायची. एकदा मी तिला सर्वांदेखत बोललो, "रात्री काय दिवे लावतेस?" ती गप्प राहिली.

चार वर्षांनी ती स्टेशनच्या पुलावर भेटली. ठाण्याला दुकानात कामाला जात होती. म्हणाली, "सर, वडील रात्री पिऊन यायचे, आईला मारायचे. मी मध्ये पडायची. अजून तसेच चालले आहे. आता मलाही मारतात." माझी मान खाली गेली.

मूल मोठे झाले की घरातला मार त्याला बाधत नाही, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. दार वाजले की छाती धडधडते. झोप येत नाही. कामात मन लागत नाही. लोक म्हणतात, "आता अठरा वर्षांची झालीस, तुझे तू बघ." पण पगार लहान, खोलीचे भाडे मोठे. शिवाय आईला एकटी टाकवत नाही. मग पोर तिथेच अडकते.

अशा वेळी आपण काय करावे? आधी नीट ऐकावे. "बापच आहे, सहन कर," असे म्हणू नये. "घर सोड," असा हुकूमही करू नये. घर सोडताना मार वाढण्याचा धोका असतो. "यात तुझी चूक नाही," असे सांगावे. पुढचे तिला ठरवू द्यावे. तिची मार्कशीट, आधारकार्ड, पासबुक विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला सांगावे.

आता कायदा पाहू. घरातील हिंसेपासून स्त्रियांना वाचवणारा कायदा २००५ साली झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. तो फक्त बायकोसाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही बरे! त्या घरातली मुलगी, बहीण, आई यांनाही तो लागू आहे. मारणे ही हिंसा आहेच. धमकी देणे, घाण शिव्या देणे, पगार हिसकावणे हीही हिंसाच. मॅजिस्ट्रेट मारणाऱ्याला मनाई करू शकतात. त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. म्हणजे मार खाणाऱ्यानेच घर सोडावे, असे नाही. मनाईहुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात.

मुलाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. पण मारहाणीची तक्रार तोही पोलिसांत देऊ शकतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या कचेरीत स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पुढे राज्यात इतरत्रही असे कक्ष निघाले. तिथे समाजसेविका बसतात, ऐकून घेतात, वाट दाखवतात. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. स्त्रीची मिळकत कितीही असो, तिला सरकारी वकील-मदत फुकट मिळते. त्यासाठी ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

जिवावर बेतले तर ११२ नंबर फिरवावा. स्त्रियांसाठी १८१ आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे.

आणि शेजाऱ्यांनो, चाळीच्या भिंती पातळ असतात. रडणे आपल्याला ऐकू येते. या कायद्याप्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर ठपका येत नाही.

मी त्या मुलीला चार वर्षे उशिरा विचारले. तुम्ही उशीर करू नका.