झालं गेलं मनातून जात का नाही? जुन्या खंतीबद्दल ख्रिस्ती शिकवण काय सांगते

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं आपण दुसऱ्याला सहज सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र ते जमत नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात गावी जाता आलं नाही, बांधाच्या वादात भावाशी बोलणं तुटलं, रागाच्या भरात मुलाला नको ते बोललो... वर्षं उलटतात, पण रात्री झोप लागली नाही की तेच आठवतं. अशा खंतीचं करायचं काय? ख्रिस्ती धर्माने याचा खोलवर विचार केला आहे.

दोन शिष्य, दोन वाटा

येशूच्या अटकेच्या वेळी दोन शिष्य चुकले. यहूदाने ३० चांदीच्या नाण्यांसाठी त्याला पकडून दिलं. पेत्राने भीतीपोटी त्याची ओळख तीनदा नाकारली. पस्तावले दोघेही. यहूदाने पैसे परत नेऊन दिले, पण तो एकटा पडला आणि त्याने जीव दिला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांच्या सोबतीत राहिला. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी न्याहारी झाल्यावर येशूने त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? आणि दर वेळी मेंढरं सांभाळायचं काम सोपवलं. चूक पुसली गेली नाही, पण पेत्र तिच्यापाशी अडकूनही राहिला नाही.

खंत वेगळी, पश्चात्ताप वेगळा

‘पश्चात्ताप’ म्हटलं की आपल्याला रडणं आठवतं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. खंत मागे बघत राहते, पश्चात्ताप पाऊल वळवतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलही दुःखाचे दोन प्रकार सांगतो. एक तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे.

मग करायचं काय?

पहिलं, कबुली. कॅथलिक माणूस धर्मगुरूपुढे पापं सांगतो. गोव्यात याला ‘कुमसार’ म्हणतात. ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, हे धर्मगुरूवर बंधन असतं. प्रोटेस्टंट मंडळी सहसा थेट देवापुढे कबुली देतात.

दुसरं, भरपाई. जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. म्हणजे क्षमा मागितली की हिशेब संपला, असं नाही. भावाला फोन करणं, बुडवलेले पैसे देणं, हे करावंच लागतं.

तिसरं, सोडून देणं. माणूस हयातच नसेल तर भरपाई कुणाला करणार? पौल स्वतः आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. गेलेले जीव तो परत आणू शकत नव्हता. तरी तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो मागचं मागे ठेवून पुढे धावण्याची भाषा करतो. क्षमा आपण कमवायची नसते, ती देवाकडून मिळते, असा या विश्वासाचा गाभा आहे. देवाने क्षमा केली असेल, तर स्वतःला रोज शिक्षा देत बसण्यात अर्थ उरत नाही.

ही कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खंतीमुळे जेवण-झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे. यहूदाला त्या वेळी कुणी सोबत नव्हतं. आपल्या माणसाला तरी एकटं सोडू नका.