काळ्या पडद्यावरून – लेखांक ९ : एकोणचाळीस मिनिटांचं भांडण आणि सर्व्हरचं घड्याळ

मागच्या आठवड्यात डिस्क कशाने भरली ते शोधलं. या वेळी घड्याळ. (नेहमीप्रमाणे कमांड उच्चारानुसार छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरायचे.)

१ जानेवारी १९०६ रोजी सरकारने हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ सुरू केली. मुंबईची स्वतःची वेळ तोवर ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे नव्या घड्याळाने शहर ३९ मिनिटं पुढे ढकललं. कागदावर ही बाब किरकोळ होती, पण परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला ती अंधारात उठवणारी होती. पाळीचा आकडा तोच, भोंगा मात्र सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी वाजणार. त्याच महिन्यात हजारो कामगारांनी माग सोडले, गिरण्यांवर दगड पडले. ‘बॉम्बे टाइम’ शहरात काही ठिकाणी थेट १९५५ पर्यंत तग धरून होता.

लिनक्सने हे भांडण मुळातच होऊ दिलेलं नाही. मशीनच्या पोटात तास-मिनिटं नसतातच, तिथे नुसते सेकंद मोजले जातात. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे शून्य. गिरगावात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. ‘डेट +%एस’ (यातला एस लहान लिपीतला) टाइप केलंत की आजचा आकडा दिसेल. लॉगमध्ये असा दहा अंकी आकडा भेटला तर घाबरू नका. ‘डेट -डी @१०००००००००’ असं विचारा. भारतीय वेळेवरचं मशीन उत्तर देईल : ९ सप्टेंबर २००१, सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंद.

या आकड्याला कुठल्या गावची वेळ चिकटवायची, हे ठरतं ते दाखवताना. ते आपण एका कमांडपुरतं बदलू शकतो. ‘टीझेड=एशिया/कोलकाता डेट’ एवढं लिहिलं की मशीन कुठलंही असो, उत्तर भारतीय वेळेत मिळतं, आणि मशीनची मूळ मांडणी जशीच्या तशी राहते. हीच युक्ती ‘एलएस -एल’ आणि ‘जर्नलसीटीएल’ यांच्याआधीही चालते.

इथे एक सापळा आहे. मशीनकडच्या वेळ-विभागांच्या यादीत कोलकाता आहे, मुंबई नाही. हौसेने ‘एशिया/मुंबई’ लिहिलंत तर मशीन तक्रार करत नाही, निमूटपणे ग्रिनिचची वेळ दाखवतं आणि पुढे ‘एशिया’ असं लेबल लावतं! साडेपाच तासांचा घोळ, तोही एरर न येता. मुंबईची जुनी वेळ पाहायचीच असेल तर ती हाताने सांगावी लागते : ‘टीझेड=बीएमटी-४:५१ डेट’. ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या गावांसाठी इथे उणे चिन्ह लागतं, हे उलटं वाटलं तरी बरोबर आहे.

दाखवण्याचं झालं. खरा त्रास होतो तो कामाच्या वेळा लावताना, कारण ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन हा सर्व्हरचा भोंगा आहे आणि तो सर्व्हरच्याच घड्याळावर वाजतो. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या लोअर परळच्या ऑफिसांतून चालणारे कितीतरी सर्व्हर आज भाड्याच्या क्लाउडवर असतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई विभाग सुरू केला. पण तिथे ॲमेझॉन लिनक्सचं नवं मशीन उभं केलं तरी त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवरच असतं. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून आधी ते तपासा.

समजा, दादरच्या एखाद्या दुकानाच्या बिलांचा बॅकअप रात्री साडेअकराला हवा आहे. यूटीसीवरच्या मशीनवर ‘३० २३ * * *’ (आधी मिनिटं, मग तास, शेवटी वार) लिहिलंत तर तो पहाटे पाचला होईल. तिथे ‘० १८ * * *’ हवं. वार बदलतो तिथे आणखी जपायचं. सोमवारी रात्री एकचं, म्हणजे रविवार उलटल्यावर तासाभराने करायचं काम यूटीसीत रविवारी १९:३० ला येतं, म्हणून ‘३० १९ * * ०’. महिन्याच्या एक तारखेला मध्यरात्रीनंतर लगेच करायच्या कामाची तर पंचाईतच होते, कारण यूटीसीत ती आदल्या महिन्याची शेवटची तारीख असते, कधी २८, कधी ३१. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर क्रॉन्टॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, वरती ‘क्रॉन_टीझेड=एशिया/कोलकाता’ लिहून यातून सुटता येतं. डेबियनच्या नेहमीच्या क्रॉनकडून ती अपेक्षा ठेवू नका. आणखी एक : क्रॉन्टॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन ओळ तिथेच तोडतो. फाइलच्या नावात तारीख घालताना टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या.

मग मशीन सरळ भारतीय वेळेवरच का आणू नये? एका दुकानाचं, एकाच शहरातलं मशीन असेल तर जरूर आणा : ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’, आणि लगेच क्रॉनची सेवा रीस्टार्ट करा. पण दोन-चार देशांतले सर्व्हर एकत्र सांभाळायचे असतील तर सगळे यूटीसीवर राहू द्या आणि वाचताना वेळ बदलून घ्या. बिघाडाच्या रात्री पाच मशीनचे लॉग शेजारी ठेवून काय आधी घडलं ते पाहायचं असतं. त्या वेळी डोक्यात साडेपाच तासांची बेरीज-वजाबाकी नको.

या आठवड्याचा सराव : ‘क्रॉन्टॅब -एल’ने तुमची यादी काढा. मग ‘क्रॉन्टॅब -ई’ उघडून प्रत्येक ओळीच्या वर # चिन्ह देऊन ते काम भारतीय वेळेत केव्हा होतं, ते लिहा. एखादं तरी काम तुम्हाला वाटत होतं त्यापेक्षा भलत्याच वेळी होत असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पुढच्या लेखांकात : एसएसएचच्या किल्ल्या.