आंत्रशोथाची औषधे आणि यकृत

रक्तातिसार वा ग्रहणीची लक्षणे घेऊन आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स व्याधीची आधुनिक औषधे आधीच चालू असतात. त्यांवर आपले औषध योजण्यापूर्वी यकृताचा विचार व्हावा, हे या लेखाचे प्रयोजन आहे.

मेसालाझिन यकृतास क्वचितच बाधते. सल्फासॅलाझिनने मात्र पहिल्या काही आठवड्यांत ज्वर, पुरळ व यकृतशोथ एकत्र उद्भवू शकतो. असा ज्वर साधा मानू नये. अ‍ॅझाथायोप्रीन दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या यकृतात बारीक गाठी होऊन पोर्टल शिरेतील दाब वाढतो. त्या वेळी एसजीपीटी जवळजवळ प्राकृत असू शकते. घटत्या प्लेटलेट्सवरूनच शंका यावी. मेथोट्रेक्सेट या व्याधीत आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरते, म्हणून औषधविक्रेत्यांनी वार पाकिटावर लिहून द्यावा. इन्फ्लिक्सिमॅबमुळे सुप्त ‘हिपॅटायटिस बी’ पुन्हा जागृत होऊ शकतो. त्याची तपासणी आधीच व्हावी लागते.

आपली औषधेही या विचारातून वगळता येत नाहीत. कोलायटिसमध्ये हळदीचा अर्क सर्रास घेतला जातो. अमेरिकेत 2022 मध्ये हळदीच्या पूरक औषधांमुळे यकृतहानी झालेल्या 10 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 5 जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एक दगावला. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि मिऱ्यातील पायपेरीन घालून शोषण वाढविलेला संहत अर्क यांत भेद केला पाहिजे. गुळवेलीविषयी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये 6 रुग्णांचा अहवाल मांडला. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. वाद काहीही असो, प्रतिकारशक्ती दडपणारे औषध चालू असताना ती उत्तेजित करणारे द्रव्य विचाराविना देणे आम्हांस उचित वाटत नाही.

म्हणून प्रथम भेटीतच रुग्णाची सर्व औषधे पाहावीत, मद्यपानाविषयी विचारावे आणि यकृताच्या चाचण्या व रक्तगणना करून घ्यावी. नवे औषध एका वेळी एकच द्यावे, म्हणजे दोष कोणाचा ते कळते. कावीळ, गडद मूत्र, कंडू वा अरुची दिसताच आपले औषध थांबवून रुग्णास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. कोलायटिससोबत पित्तवाहिन्यांचाही शोथ असू शकतो, तेव्हा प्रत्येक काविळीचे खापर औषधावर फोडू नये. मात्र स्टिरॉइड वा अन्य चालू औषध एकाएकी बंद करण्यास आपण कधीही सांगू नये. घटक न छापलेले चूर्ण तर दुकानात ठेवूच नये. रुग्णाने यकृत गमावले, तर आतड्याच्या उपशमाचे श्रेय कोणत्याच शास्त्राला मिळणार नाही.