इब्री 6 : हा इशारा नेमका कोणाला?

मागच्या भागात आपण पाचव्या अध्यायाच्या शेवटी थांबलो होतो. अजून दुधावरच राहिलेल्या विश्वासणाऱ्यांवर पत्रलेखक तिथे रागावतो. त्यापुढे, 6:4 ते 6 मध्ये, त्याने जे लिहिलं त्याने अनेकांची झोप उडवली आहे. ज्यांना प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची चव कळली, पवित्र आत्म्यात वाटा मिळाला आणि तरीही जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असा त्याचा मथितार्थ.

हे वाचून घाबरतो तो बहुधा मऊ मनाचा माणूस. भावकीच्या दबावाने कुणी काही वर्षं उपासना सोडलेली असते, कुणी लग्न जुळावं म्हणून घरातलं पवित्र शास्त्र पेटीच्या तळाशी ठेवलेलं असतं. आता परत यायचं म्हटलं, तर माझं दार बंद झालं का, असं तो पाळकांना हळूच विचारतो. जामनेरसारख्या गावात मंडळी लहान आणि गोतावळा मोठा. तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

माझं ठाम मत आहे की हे वचन त्याच्यासाठी नाही. दहाव्या अध्यायात लेखक हाच इशारा पुन्हा देतो आणि माणूसही दाखवतो : देवाच्या पुत्राला पायदळी तुडवणारा, कराराचं रक्त तुच्छ लेखणारा, जाणूनबुजून तसंच वागत राहणारा. भीतीपोटी डळमळलेला माणूस वेगळा. पेत्राने तर शेकोटीजवळ तीनदा प्रभूला नाकारलं आणि त्याच्याच हाती पुढे मेंढरं सोपवली गेली.

प्राचीन मंडळीला या प्रश्नाचा खरा चटका बसला तो इ.स. 250 मध्ये. सम्राट देकियसने फर्मान काढलं : प्रत्येकाने अधिकाऱ्यांसमोर देवतांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले पपायरसवर लिहिलेले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. नाव, गाव, यज्ञ केल्याची ग्वाही, खाली साक्षीदाराची सही. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोव्हाशियन म्हणाला, यांना मंडळीत पुन्हा जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 ची तिथली धर्मसभा यांनी प्रायश्चित्ताची वाट उघडी ठेवली. ती वाट लांब होती, सोपी नव्हती. मला सिप्रियनच पत्राच्या आशयाजवळ वाटतो, कारण जो रडत दाराशी आला त्याचा पश्चात्ताप सुरू झालेलाच होता.

शंका म्हणजेही पतन नव्हे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांचा 1848 मध्ये बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढेही शंकांनी त्यांना फार छळलं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर त्या तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. त्यांच्यावर पतनाचा शिक्का मारणारा उतावळा ठरला असता. याच रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं.

आता वचनं 7 आणि 8. एकच पाऊस पुन्हा पुन्हा पिणारी जमीन. एकीकडे पीक, दुसरीकडे काटेकुटे. आपल्या काळ्या रानात हे कुणाला समजावून सांगायला नको. एका पावसात कपाशीही वर येते, निंदणी चुकली तर गोखरूही माजतो. पाऊस कमी पडला, ही सबब लेखक ठेवतच नाही. इशाऱ्याची धार इथे आहे आणि ती बोथट करू नये. पण लगेच नवव्या-दहाव्या वचनांत तो वाचकांना प्रिय म्हणतो, तुमच्याबद्दल माझी खात्री याहून चांगली आहे असं सांगतो, आणि त्यांनी पवित्र जनांची केलेली सेवा देव विसरणार नाही अशी हमी देतो. भेदरलेल्या माणसाला सहावा अध्याय वाचून दाखवायचा तर आठव्या वचनावर थांबू नये.

एक अडचण मात्र उरते. बाराव्या अध्यायातला एसाव अश्रू ढाळतो, तरी त्याला नकारच मिळतो. तो रडला ते गेलेल्या आशीर्वादासाठी की केलेल्या पापासाठी, हे उत्पत्ती 27 उघडून पुढच्या आठवड्यात पाहू.